खाणाऱ्याच्या तोंडाकडे

माझ्या मुलीने अन्नाचा पहिला घास माझ्या हातून खाल्ला नाही. तिच्या आईच्या हातूनही खाल्ला नाही. घरात ही गोष्ट आता कोणी काढत नाही. ज्यांना ती पुरती सांगता आली असती असे एक गृहस्थ आता हयात नाहीत, आणि दुसरा मी. म्हणून लिहून ठेवतो आहे. लिहिताना स्वतःची बाजू घ्यायची नाही असे ठरवले आहे. कितपत जमेल ते सांगता येत नाही.

दुष्काळाचा तो सलग दुसरा उन्हाळा होता. केज तालुक्यातल्या एका गावात मी सहकारी दूध संस्थेचा लिपिक होतो. चारा संपला तसे दुधाचे संकलनही आटले, आणि संस्थेने नांदूरघाटच्या रस्त्याला माळावर जनावरांची छावणी उघडली. दुधाची नोंद ठेवणारा मी खुंट्यांची नोंद ठेवू लागलो. कोणाचे जनावर, कोणत्या ओळीत, कितव्या खुंट्याला, हे माझ्या रजिस्टरात असे, आणि ते बदलण्याचा अधिकारही व्यवहारात माझाच होता. संस्थेच्या इमारतीमागच्या दोन खोल्यांत आमचे बिऱ्हाड होते. छावणीची पहिली ओळ आमच्या ओट्यापासून पंधरा-वीस पावलांवर सुरू होई.

मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती. लग्नाच्या नवव्या वर्षी झालेली. ती रडू लागली तर माझ्या खांद्यावर आली की गप्प होई, आणि याचा मला एवढा अभिमान होता की मी तो चारचौघांत बोलूनही दाखवत असे. पण ती दुधाखेरीज काही घेत नव्हती. केजच्या डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून आतला पांढुरका रंग आम्हाला दाखवला. नुसत्या दुधावर हे मूल तग धरणार नाही, दूध कमी करा आणि भात, वरण, भाकरी सुरू करा, असे त्यांनी सांगितले. पुढच्या वजनाला काटा वर सरकला नाही तर बीडला दाखल करावे लागेल, हेही सांगितले. दूध संस्थेच्या माणसाला दूध कमी करायला सांगितले म्हणून परतताना जीपमध्ये बायको थोडी हसली. मला हसू आले नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरातले मूल आदल्या वर्षी बीडला नेले होते आणि ते परत आले नव्हते.

जेवणाच्या वेळेला मी एक शिस्त लावली. मऊ भात, त्यात मुगाचे वरण, साजूक तुपाचा थेंब, आणि वर बसलेला मी. मुलगी मांडीवर बसे, आणि तिचे लक्ष मात्र साऱ्या छावणीत फिरून येई. टँकर आला, लक्ष तिकडे. वासरू हंबरले, लक्ष तिकडे. लाऊडस्पीकरवरून कोणाला चारा न्यायला बोलावले की ती त्या आवाजाकडे मान वळवी आणि नेमका तेव्हा चमचा तिच्या कानाला लागे. काऊचा घास, चिऊचा घास, सारे म्हणून झाले. त्या वर्षी चिमण्याही माळावर फारशा उरल्या नव्हत्या, त्यामुळे चिऊ म्हणून बोट कुठे दाखवावे हेही कळत नसे. तोंडात गेलेला घास ती जिभेने बाहेर ढकले आणि पुन्हा जनावरांकडे बघू लागे. मी तिच्या ओठांवरची नजर काढत नसे. ओठ किंचित विलगले की चमचा आत, असा माझा पवित्रा असे. ती हनुवटी आत ओढून घेई.

पहिल्या ओळीत, ओट्यासमोरच, एका वृद्ध गृहस्थांचा एकच बैल होता. वृद्ध म्हणतो, पण ते तेव्हा पंचावन्न-छप्पन्नचे असतील. आज मीच त्या वयाचा आहे. गावाच्या खालच्या अंगाच्या बौद्ध वस्तीत त्यांचे घर. त्यांची बायको आणि दोन्ही मुले ऊसतोडीला गेली होती. दरवर्षी तेही जात, पण यंदा बैल गाडीला जुंपण्यासारखा राहिला नव्हता आणि त्याला विकायचे त्यांच्या जिवावर आले, म्हणून ते मागे राहिले. बैलाचे दात झिजले होते. चाऱ्याला म्हणून उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा पाला, मिळे, ते त्याला चाववत नसे. ते विळ्याने वाढ्याचे बोटभर तुकडे करीत आणि एकेक मूठ हाताने त्याच्या तोंडाशी धरीत. कधी कोणाच्या विहिरीवरची हिरव्या घासाची पेंढी मिळाली तर त्या दिवशी त्या दोघांचा सण असे. आमच्याकडे जनावरांच्या त्या हिरव्या चाऱ्यालाही घासच म्हणतात आणि माणसाच्या तोंडातल्या अन्नालाही घासच म्हणतात, हे मी जन्मभर ऐकत आलो होतो. त्याचा कधी विचार केला नव्हता.

एका सकाळी मी कार्यालयात असताना बायको मुलीला कडेवर घेऊन, वाटी हातात घेऊन त्या बैलासमोर उभी राहिली. मूल निदान स्थिर राहील एवढाच तिचा हेतू होता. ते गृहस्थ बैलाला भरवत होते आणि प्रत्येक मुठीला हलकेच म्हणत होते, "घे, घास." बैलाने तोंड उघडले आणि मुलीनेही उघडले. बायकोने घाईने चमचा पुढे केला, तर तोंड मिटले. त्यांनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले असावे. रांजणातल्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले, वाटी मागून घेतली आणि बैलाकडे तोंड करून खाली बसले. एक मूठ बैलाला, एक घास मुलीला. दोन्हीकडे शब्द एकच. दुपारी बायकोने मला रिकामी वाटी आणून दाखवली. ती रडत होती. "अहो, सगळं खाल्लं तिनं. बैलवाल्या आबांच्या हातून," ती म्हणाली.

मी म्हणालो, फार चांगले झाले. त्याच वेळी माझ्या मनात जे आले ते लिहायला मला इतकी वर्षे लागली. मला वाटले, त्यांच्याच हातून का?

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरात सणासारखे गेले आणि मी त्या सणाला आलेल्या परक्या पाहुण्यासारखा वावरलो. सकाळी आणि उन्हे कलल्यावर आबा येत. ओट्यावर चढत नसत, पायरीशी बसत. बैल आणि त्याचा चारा सोबत आणत, कारण आता मुलगी दोघांचे एकत्रच खाणे झाल्याशिवाय ऐकत नसे. तोंडातली तंबाखूची गुळणी ते आमच्या कुंपणापलीकडे टाकून येत आणि हात धुतल्यावर नखे उन्हात धरून बघत. मी कार्यालयाच्या खिडकीतून हे पाही. एखादे नख मळके दिसेल या आशेने मी पाहत होतो, हे मला तेव्हाही कळत होते.

त्यांची नक्कल करण्यापर्यंतही मी उतरलो. ते नसताना एकदा मुलीला घेऊन बसलो आणि त्यांच्याच ठेक्यात, त्यांच्याच बोलीत "घे, घास" म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या पाठीमागे पाहिले. कोण बोलले ते ती शोधत होती. पायरीवर कोणी नाही असे दिसल्यावर तिचा खालचा ओठ बाहेर आला. माझ्या खांद्यावर गप्प होणारी माझी मुलगी माझ्या मांडीवर बसून दुसऱ्या माणसासाठी रडली. त्या क्षणी मला आबांचा जो मत्सर वाटला तसा उभ्या आयुष्यात कोणाचा वाटलेला नाही. नोकरीत मला डावलून पुढे गेलेल्यांचाही नाही. ज्या माणसामुळे माझे मूल खाऊ लागले त्याच माणसाचा हा मत्सर होता.

माझी आई त्या आठवड्यात गावाहून आली. नात खाते हे पाहून तिने दोन्ही हातांनी कानशिलावर बोटे मोडली. मग पायरीवरच्या माणसाकडे पाहून मला आत बोलावले आणि ते कोण, असे विचारले.

इथे मला सावकाश लिहायला हवे. मी सुधारक विचारांचा म्हणून गावात ओळखला जाई. त्याच वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमात मी पाहुणा म्हणून बोललो होतो आणि माणसामाणसातल्या भेदावर बऱ्यापैकी टाळ्या घेतल्या होत्या. आईच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होते. "आपले शेजारी आहेत" एवढे उत्तर पुरले असते. "बैलवाले आबा" म्हणालो असतो तरी चालले असते. मी फक्त वस्तीचे नाव सांगितले. त्यात निंदेचा शब्दही नव्हता. आवाज नेहमीसारखा मऊ होता. सांगून झाल्यावर मी पाणी प्यायलो.

पुढचे काम आईने केले. तिने सुनेला नको ते ऐकवले, वाटी वेगळी काढली, लेकराच्या तोंडात कोणाचा हात, असे मोठ्याने म्हणाली. खिडकी उघडी होती आणि आबा पायरीशी होते. बायकोने माझ्याकडे पाहिले. मी आईला अडवीन असे तिला वाटले होते. मी म्हणालो, "चार दिवस आईचं मन राखू." आईचा सोवळेपणा मला पटत नव्हता, हे खरे. आणि त्या दिवशी तो मला फार सोयीचा होता, हेही तितकेच खरे. आईच्या मनात जुना समज होता. मला तसा काही समज नव्हता, म्हणून माझे वागणे तिच्या वागण्यापेक्षा वाईट.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर उघडले आणि आबांच्या बैलाचा खुंटा शेवटच्या ओळीत, शेणाच्या उकिरड्यापलीकडे हलवला. कारणाच्या रकान्यात 'टँकरसाठी वाट' असे लिहिले. मग स्वतः जाऊन त्यांना अतिशय नम्रपणे सांगितले की टँकरला वळायला जागा लागते. ते "बरं, सायेब" म्हणाले. खुंटा त्यांनी स्वतः उपटला, दगड आणि दावे घेतले, आणि बैलाच्या चालीने साऱ्या छावणीमधून शेवटपर्यंत चालत गेले.

आता मूल माझे होते. मी चांदीची वाटी काढली, जी बारशाला आली होती. बायको भात मऊ करून देई. मी भरवायला बसे. मुलगी पायरीकडे बघे, रिकाम्या खुंट्याच्या खड्ड्याकडे बघे, आणि तोंड मिटून घेई. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी शेजारचे एक जनावर आणून समोर बांधले, तर ती त्याला पाहून भ्यायली. चौथ्या दिवशी आईनेच नात उपाशी राहते म्हणून दृष्ट काढली. पाचव्या दिवशी तिचे अंग तापले आणि ती दूधही टाकू लागली.

अंगणवाडीच्या बाई वजनाला आल्या. फडक्याच्या झोळीत मुलीला घालून त्यांनी ती काट्याला अडकवली. एरवी ती झोळीत पाय झाडून काटा नाचवी आणि बाईंना वाट पाहावी लागे. त्या दिवशी काटा लगेच स्थिर झाला. तो मागच्या खुणेच्या खाली होता. बाईंनी कार्ड भरले, बायकोच्या हातात दिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आठ दिवस बघा. मग बीडला न्या. अन् आधी खात होती, तर आता काय बदललं ते बघा."

बायकोने कार्ड माझ्यासमोर ठेवले. मग ती मुलीला घेऊन आत गेली.

ऊन कलल्यावर मी शेवटच्या ओळीकडे निघालो. आबा बैलाच्या शेजारी बसून वाढ्याचे तुकडे करीत होते. मी उभाच राहिलो. त्यांनी गोणपाट सरकवून जागा केली, तेव्हा बसलो. पोरीचे वजन घटले, एवढे सांगितले. त्यांचा विळा थांबला. मग मी विचारले, तुम्ही असे काय करता?

"मी कायबी करीत न्हाई," ते म्हणाले. "तिच्या तोंडाकडं बघत न्हाई, येवढंच. ह्या बैलाचंबी तसंच हाय. बघत बसलं की खात न्हाई. उसाच्या फडावर आमच्या पाचटाच्या कोपीवर नातवंडं अशीच सांभाळली मी. बाया तिकडं मोळ्या वाहायच्या, गाड्या जायच्या, लेकराचं ध्यान धा ठिकानी. घास तोंडाशी न्यायचा अन् आपन दुसरीकडं बघायचं. तुमी लई बघताव सायेब. तिला वाटत आसंल, आपल्या तोंडात ह्यांचं कायतरी हरवलंय."

मला हसू आले आणि त्याच दमात रडूही. त्या दिवसापर्यंत मी त्यांना कोणत्याच नात्याने हाक मारली नव्हती. 'तुम्ही' म्हणून भागवत होतो. प्रथमच आबा म्हणालो. "आबा, टँकरचं कारण खरं नव्हतं."

"म्हाईत हाय. टँकर तिकडल्या अंगानं वळतो."

ते पुन्हा तुकडे करू लागले. माझी कबुली एवढ्यावर संपली असे मला वाटले होते. त्यांना तसे वाटले नव्हते. चार-पाच तुकडे झाल्यावर त्यांनी बोलायला सुरुवात केली, तीही बैलाकडे बघत. "खुंटा हलवला त्याचं मला काय न्हाई. हितं वारं चांगलं लागतं. पन आईला आमची वस्ती सांगितली ती तुमी. त्या म्हाताऱ्या हायत, त्यांचं आमी आयुष्यभर ऐकलं. तुमचं भाषन ऐकलं होतं, सायेब."

मी चुकलो म्हणालो, तर त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, ते कळले नाही. तुम्ही घरी याल का, असे विचारण्याचे धैर्य मी केले. ते म्हणाले, "पायरीला मी आता येनार न्हाई. लेकराला हितं आना. लेकराचं काय चुकलंय?"

दुसऱ्या दिवशी मी मुलीला खांद्यावर घेतले आणि आईला सांगितले की मी हिला आबांकडे नेतो आहे, आणि ते कोण आहेत ते मी तुला त्या दिवशी सांगायला नको होते तसे सांगितले. आई भिंतीकडे तोंड करून बसली. आबांकडे नेलेल्या वाटीला तिने पुढे कधी हात लावला नाही. ती वाटी रोज मीच घासत असे. आईशी मी या गोष्टीवर पुन्हा वाद घातला नाही, आणि यातही माझी सोय पाहिली असे मला आता वाटते.

छावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मूल आणि वाटी घेऊन चालताना लोक बघत होते. क्लार्कसाहेब पोरीलाबी छावणीत दाखल करायला निघाले का, असे एकाने विचारले आणि बाकीचे हसले. मी हो म्हणालो. बैल दिसताच मुलीने माझ्या खांद्यावरूनच हात लांब केले. मान धरवेना एवढी ती अशक्त झाली होती, तरी तिकडे झेपावली. आतून मला तेच जुने टोचले. क्षमा मागून आलो होतो तरी ते गेले नव्हते.

त्या दिवशी आबांनी भरवले, तीन-चारच घास. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी. असे पाच-सहा दिवस झाले, तिचा ताप उतरला, आणि एका दुपारी त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. "आता तुमी," म्हणाले. "बैलाकडं बघायचं. काय बी झालं तरी मान वळवायची न्हाई."

मी बैलाकडे तोंड करून बसलो. त्याच्या डोळ्याखाली माशा होत्या, त्या मोजत राहिलो. आबांनी त्याच्यासमोर मूठ धरली आणि "घे, घास" म्हणाले. मी भाताचा घास अंदाजाने शेजारी नेला. बोटे बराच वेळ हवेत राहिली. मान वळवावी असे फार वाटले. एकदा जराशी वळलीही, तर आबांनी नुसता घसा साफ केला. मग माझ्या बोटांना काहीतरी ओले लागले. हिरडी, आणि तिच्यातून वर आलेल्या दोन दातांची कड. घास गेला होता. माझ्या मुलीने माझ्या हातून खाल्लेला पहिला घास मी पाहिलेला नाही.

वाटी संपेपर्यंत मी त्या माशांकडेच पाहत होतो. पुढच्या वजनाला काटा खुणेच्या वर होता आणि बीडची गोष्ट निघाली नाही. पण मला सांगायचे आहे ते त्याच दुपारचे. शेवटचा घास गिळून झाल्यावर माझ्या बाजूने आवाज आला, "घा." अगदी स्पष्ट. तिचा पहिला शब्द तो. आबा हसले, बैलाने कान हलवला. तो शब्द तिने बैलाला म्हटला, आबांना म्हटला, की मला म्हटला, हे मला माहीत नाही. मी तिच्याकडे पाहत नव्हतो.

घरी आल्यावर बायकोने विचारले तेव्हा मात्र मी सांगितले की ती माझ्याकडे बघून म्हणाली.